मावशी हो म्हणाली

३ फेब्रुवारी, सकाळी सात

नवी वही. दोनशे पानी. पत्रापलीकडे लिहिण्याची मला सवय नाही, तेव्हा सुरुवातही पत्रासारखीच करतो. आधी सगळ्यांच्या तब्येतीची विचारपूस.

हिचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना वाजतात, चढताना वाजत नाहीत. चढताना ही बोलत असते.

माहुताचा खोकला? आहे. विडी सोडली म्हणतो, पण खोकल्याला अजून कळवलेलं दिसत नाही.

विहिरीची मोटार? तीही खोकते. तिने विडी कधी धरली कोण जाणे.

माझं? ठणठणीत. रक्तात साखर थोडी वर आहे असं डॉक्टरचं यंत्र म्हणतं. यंत्र जुनं आहे.

आणि मावशी? मावशी म्हणजे आमची हत्तीण. वय बावन्न. उत्तम! उजाडल्यापासून मान डोलावतेय. वर-खाली, वर-खाली, मध्येच डावी-उजवी. एवढं सुखी जनावर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

वही आणायचं कारण असं. नदीपलीकडे दुसरा एक हत्तीवाला आहे. त्याने गेटवर बोर्ड लावलाय, की 'प्राणिमित्र' सर्टिफिकेटसाठी आम्ही अर्ज केला आहे. नुसत्या अर्जाचा बोर्ड! बाजारात तुरी! म्हटलं, आपण सर्टिफिकेटच आणून लावू. फॉर्म आणला. त्यात विचारलंय, प्राण्याची रोज नोंद ठेवता का. 'होय' लिहिलं आणि लगेच जाऊन वही घेतली. खोटं बोलणं आपल्या रक्तात नाही. खरं असतंच, कधीकधी मागाहून येतं, एवढंच.

ही वही खासगी. समितीसाठी पक्की प्रत नंतर करू.

४ फेब्रुवारी

सर्टिफिकेटची गरज का पडली तेही लिहून ठेवतो. आमचं सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस, आणि पाहुण्यांना जंगलाच्या कडेने मावशीवरून फेरी. एकोणीस वर्षं चाललंय. आता लोक फार शिकलेत. चार नंबरच्या खोलीतली बाई म्हणाली, फेरी नको, हत्तीण राहते कुठे ते दाखवा. मी अभिमानाने दाखवलं. वर पत्रा, खाली सिमेंट, दोनदा धुतो. पुढच्या पायाला साखळी, पण तिला मी स्वतः सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय, टोचू नये म्हणून. कोण करतं एवढं?

बाईने विचारलं, साखळी किती लांब. मी म्हणालो, पुरेशी. ती म्हणाली, कशाला पुरेशी?

हा काय प्रश्न झाला? चहा न घेताच गेली. तिचाही कप मीच प्यालो. साखर त्यामुळे वाढते, माझ्यामुळे नाही.

५ फेब्रुवारी

अर्ज पाठवावा की नाही, याबद्दल मावशीचा सल्ला घेतला. ती हो म्हणाली.

हे लोकांना पटत नाही. पण मी तिला गेली एकोणीस वर्षं विचारत आलोय, आणि तिने एकदाही नाही म्हटलेलं नाही. खोल्यांना निळा रंग द्यायचा का? हो. मोटार दुरुस्त करून वापरायची का? हो. मेव्हणीने आणखी महिनाभर राहावं का, हे विचारलं तेव्हाही हो म्हणाली. त्या दिवसापासून घरगुती विषय तिच्यापुढे काढत नाही.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण पुडीच्या कागदांवर. वाण्याकडून आलेली पुडी सोडायची, माल डब्यात, कागद माझ्याकडे. हत्तीवर जे जे मिळालं ते एका पत्र्याच्या डब्यात जपलंय. त्यातल्या एका कागदावर छापलंय, 'डोलणारा हत्ती म्हणजे'. एवढंच. पुढे तेल लागलं होतं. वाक्य मीच पुरं केलं: सुखी हत्ती. मग पाटी रंगवून गोठ्यावर लावली. आम्ही त्या शेडला गोठाच म्हणतो.

९ फेब्रुवारी

जुना बोर्ड उतरवला. 'हत्तीवरून फेरी' पुसून 'हत्तीसोबत सहप्रवास' लिहिलं. खाली छोट्या अक्षरांत 'प्रेमाने'.

हिने विचारलं, माणसं तिच्या पाठीवरच बसणार ना? मी म्हणालो, हो, पण सोबत म्हणून. ही म्हणाली, मग मीही आजपासून तुमच्या खांद्यावर बसून बाजाराला येते, सोबत म्हणून.

हिला शब्दांची जाण नाही.

माहुताने मावशीच्या पाठीवरचा व्रण दाखवला. तळहाताएवढा. मलम दिलं. झूल घातली की दिसत नाही. म्हणजे जवळजवळ नाहीच.

१६ फेब्रुवारी

संकल्प! उद्यापासून रोज एक तास मावशीची साखळी काढून तिला नदीपर्यंत मोकळं न्यायचं. माहुताला सांगितलं तर बिचाऱ्याचा चेहरा विडी मिळाल्यासारखा उजळला.

१७ फेब्रुवारी

आज पाहुणे बारा. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी

साखळीचं कुलूप गंजलंय. तेल घातलं. कुलपाला मुरू द्यावं. सोमवारपासून.

२१ फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी गर्दी असते हे लक्षात राहिलं नाही. माहूत नुसता खोकला, पण त्या खोकल्यात एक सूर होता.

२२ फेब्रुवारी, दुपारी

काय कल्पना सुचली! फॉर्ममध्ये लिहिलंय, 'प्राण्याच्या कल्याणाचा पुरावा जोडा'. लोक जोडून जोडून काय जोडतील? फोटो. मी तक्ता करणार. आनंदाचा तक्ता! मावशी दिवसाला किती तास डोलते, ते रोज भरायचं. माहुताला घड्याळ दिलं. त्याने विचारलं, डोलण्याचे तास कशाला मोजायचे, काका? म्हटलं, सुख मोजायचं असतं, नाहीतर कळत नाही. तो म्हणाला, दुःख मात्र न मोजता कळतं. माहूत मंडळी जंगलाजवळ राहून अशी काहीतरी बोलतात.

पहिला दिवस: अकरा तास!

१ मार्च

तक्ता गोठ्याच्या भिंतीवर लावला. लाल शाईच्या रेघा. पाहुणे फोटो काढतात.

एक शास्त्रीय निरीक्षण. परवा चौदा फेऱ्या झाल्या, त्या दिवशी डोलणं नऊ तास. काल एकही पाहुणा नव्हता, मावशी दिवसभर जागेवर उभी, तर डोलणं तेरा तास! म्हणजे सुट्टीचा आनंद तिलाही कळतो. हे कुठल्याच पुडीत वाचलं नव्हतं. हा माझा स्वतःचा शोध.

हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, तुमच्या आत्याला शेवटची दोन वर्षं खाटेवर ठेवलं होतं, तीही दिवसभर डोलायची. मी म्हणालो, आत्या म्हातारी होती. ही म्हणाली, हो, आणि मावशी कालच जन्मली.

८ मार्च

पत्र आलं! समिती २७ तारखेला येणार. वनखात्याचे साहेब आणि जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई. पलीकडच्याला अजून तारीखही नाही. मुद्दाम नदीकाठी जाऊन, वाऱ्याची दिशा बघून, मोठ्याने माहुताला सांगितलं.

१५ मार्च

रंगीत तालीम. मी समितीपुढे मावशीला तीन प्रश्न विचारणार: तू इथे सुखी आहेस का? काका तुझी काळजी घेतात का? तुला इथेच राहायचंय का? तिन्हींना हो, आणि विषय संपला.

तालमीत हिला डॉक्टरीणबाई केलं. हिने चष्मा लावला, कमरेला पदर खोचला आणि माझे प्रश्न बाजूला ठेवून स्वतःचेच सुरू केले. मावशी, पाय दुखतात का? मावशी हो म्हणाली. हा माणूस घोरतो का? हो. सातवी तरी पास झालाय का? इथे मान क्षणभर अडखळली, मग हो. हे गोठ्याचं घर सोडून जायचंय का गं बाई?

हो.

माहूत हसता हसता खोकला आणि खोकता खोकता बाहेर गेला. हिने चष्मा काढून ठेवला. तालीम मी रद्द केली. प्रश्न साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारे होते.

२६ मार्च

सिमेंट चार वेळा धुतलं. साखळीला नवी ट्यूब. झूल इस्त्री केली. संकल्पातला एक तास राहून गेला तो राहूनच गेला, पण हेतू नोंदलेला आहे, आणि हेतू महत्त्वाचा.

उद्या सर्टिफिकेट. तिसऱ्यांदा उठून पाणी प्यालो, पण ते साखरेने.

२७ मार्च, संध्याकाळी

समिती येऊन गेली. एकंदरीत फार उत्तम छाप पडली.

साहेब चहा घेऊन खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाई माझ्या थोरलीच्या वयाची. चहा नको म्हणाली, बादली मागितली. म्हटलं, मावशीला आंघोळ घालणार असेल. तर बाईने बादली पालथी घातली आणि मावशीसमोर दोन तास नुसती बसून राहिली. दोन तास! मग उठून तिचे तळवे पाहिले, नखं पाहिली, आणि झूल वर केली. झूल एवढी इस्त्री केलेली, तर उचलायची काय गरज?

मी माझे तीन प्रश्न विचारले. मावशीने चोख उत्तरं दिली. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी विचारलं, मावशी, मी या देशाचा राजा आहे का? मावशी हो म्हणाली. साहेबांनी कप खाली ठेवला.

डॉक्टरीणबाईने मला एकच विचारलं: काका, हिची मान थांबलेली तुम्ही शेवटची कधी पाहिली? मी छाती फुगवून म्हणालो, कधीच नाही. सर्कसमधून आणली त्या दिवसापासून एवढीच आनंदी. माहुताने जमिनीकडे पाहिलं.

सर्कसची हकिगत मग सांगावीच लागली. मी सर्कसच्या जनरेटरच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. सर्कस बंद पडली तेव्हा घोडे गेले, कुत्री गेली, मावशी एकटी मैदानात राहिली. कोणी घेईना. सहा दिवस मी तिला पाणी घातलं आणि सातव्या दिवशी घेऊन आलो. हिने दार उघडलं तेव्हा मी म्हणालो होतो, पाहुणी आणलीय. ही म्हणाली होती, आत कशी येणार? डॉक्टरीणबाई हे सगळं नीट ऐकत होती. म्हणाली, तुम्ही नसता तर ही जगली नसती. पाहा! लेखी नाही दिलं, पण म्हणाली.

मग तक्ता पाहिला. पाहातच राहिली. फोटो काढले, एकेका रकान्याचे. म्हणाली, बारा वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मालकाने मला असा स्वच्छ पुरावा दिला नाही.

स्वच्छ पुरावा! तिचेच शब्द.

जाताना पाटीकडे बोट करून विचारलं, हे कुठलं वाक्य. मी पुडीचा कागद आणून दाखवला. उन्हाकडे धरून तिने बराच वेळ पाहिला. विचारलं, पुढचं शोधलं नाहीत का कधी? म्हटलं, पुढचं माझंच आहे.

२८ मार्च

सर्टिफिकेटसाठी चौकट करायला टाकली. सागवानी. दिवाणखान्यात खिळा ठोकला. जागा बदलून तीनदा ठोकला. ही म्हणाली, आधी भिंत राहते का बघा.

१० एप्रिल, दुपारी दोन

पाकीट आलं. जाडजूड. सर्टिफिकेट एवढं जाड नसतं, पण सोबत शाल असेल म्हटलं.

चार पानी आदेश आहे. भाषा सरकारी, म्हणून आधी वाटलं, की मावशीला हवापालटासाठी बोलावलंय. हिने चष्मा लावून वाचलं. हवापालट नाही. मावशीला वनखात्याच्या हत्ती केंद्रात कायमचं हलवायचं. पाय, पाठ आणि 'दीर्घकालीन मानसिक ताण'. पुराव्यादाखल माझाच तक्ता जोडलाय. रंगीत. माझ्या लाल रेघा किती सुंदर आल्यात!

शेवटी पुडीच्या कागदाची नक्कल, आणि त्याखाली डॉक्टरीणबाईने हाताने काहीतरी लिहिलंय. डॉक्टरांचं अक्षर, कोणाला लागतं? घडी घालून डब्यात ठेवलं.

एकोणीस वर्षं ज्याने सांभाळली त्याच्याकडून काढून घेतात. आणि समितीला बोलावलं कोणी? हिने हे दोनदा विचारलं. हिला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारायची खोडच आहे.

अपील करता येतं. मुदत तीस दिवस. मावशीला विचारलं, अपील करू ना? हो म्हणाली. झालं तर.

१२ एप्रिल, सकाळी

अपिलाला पुरावा हवा. असा पुरावा देतो, की समितीने तोंडात बोट घालावं. साखळी काढायची, सगळ्यांसमक्ष. जंगल दोनशे पावलांवर. मावशी जाते, की माझ्याजवळ येते, ते जगाने पाहावं. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

माहूत म्हणाला, काका, नका. मी म्हणालो, घाबरलास? तो म्हणाला, हो, पण तुम्हाला वाटतं त्याला नाही.

१२ एप्रिल, दुपारी

जिंकलो! साखळी काढली. मी दहा पावलांवर गूळ घेऊन उभा. मावशी दोन पावलं पुढे आली, मग अर्धं. तिथेच थांबली. जंगलाकडे गेली नाही! उभी राहून डोलत राहिली. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, पाहा, दार उघडं आहे आणि बाई उंबरठा ओलांडत नाही, याला म्हणतात घर!

टाळ्या एकट्याच्याच वाजल्या. ही आत निघून गेली. माहुताने काठीने जमिनीवरची रेघ दाखवली. सिमेंटवर पायाने झिजलेली एक अर्धगोल वाट आहे, मी तिला नेहमी डाग समजून घासतो. मावशीचा पाय बरोबर तिच्यावर होता. साखळी जिथे संपायची तिथे. माहूत म्हणाला, सुंभ जळला तरी पीळ राहतो, काका. गुळापर्यंतसुद्धा आली नाही ती. तिला गूळ किती आवडतो तुम्हाला माहितीये.

मला माहिती आहे.

१३ एप्रिल

जागा लहान आहे असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. हे अपिलात खोडायला हवं. म्हणून स्वतः प्रयोग करायचं ठरवलं. मावशीला माहुताने अखेर नदीवर नेलंय (सोमवार नाही, तरी), तेवढ्यात तिच्या जागी आपण उभं राहायचं. पायाला कपडे वाळत घालायची दोरी, दुसरं टोक खांबाला. एक तास. आरामात!

नोंदी तिथल्या तिथे केल्या, त्या अशा:

९.०० हवेशीर. पत्र्यामुळे सावली. साखळीपेक्षा दोरी हलकी, हे कबूल.

९.१५ समोर काय दिसतं, तर भिंत. भिंतीवर तक्ता. तो तिच्याकडे तोंड करून लावला होता, हे आज कळलं.

९.२५ सिमेंट पायाला टोचत नाही. पण सोडतही नाही.

९.४० काही विशेष नाही.

९.४३ ही आली. बराच वेळ उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, अहो, तुम्ही डोलताय.

मी डोलत नव्हतो. पाय बदलत होतो. एका पायावर भार फार वेळ राहिला की दुसऱ्यावर घ्यावा लागतो, मग परत पहिल्यावर. त्याला डोलणं म्हणत नाहीत. हिने खाली बसून माझ्या पायाची दोरी सोडली. गुडघे वाजले तिचे. नेहमी म्हणते तसं काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

प्रयोग त्रेचाळीस मिनिटांचा झाला. निष्कर्ष नंतर.

१३ एप्रिल, संध्याकाळी

डॉक्टरीणबाईचं अक्षर चष्मा पुसून पाहिलं. लागतं. तसं चांगलंच लागतं. पुडीच्या कागदावरचं पूर्ण वाक्य तिने कुठूनतरी शोधून काढलंय:

डोलणारा हत्ती म्हणजे बांधून ठेवलेला हत्ती; जंगलातले हत्ती असे कधी डोलत नाहीत.

खाली लिहिलंय, काका, रागावू नका.

रागावलो नाही. छापणाऱ्याने तेल लागणार नाही अशा ठिकाणी छापायला हवं होतं.

१८ एप्रिल

अपील लिहायला बसलो. पेनातली शाई संपलीय. लाल आहे, पण अपील लाल शाईने लिहीत नाहीत.

२४ एप्रिल

निळी शाई आणली. कागद नाही. वहीतला फाडला तर वही विस्कटते.

३ मे

आज लिहिणारच होतो. पण माहूत मावशीला घेऊन नदीवर गेला, आणि मी म्हटलं, आपणही जावं. पहिल्या दिवशी, पाठीवर कोणी नसताना, रेघेबाहेर पाय टाकायला तिला चाळीस मिनिटं लागली. आता पाण्याची वाट ओळखते. पाण्यात शिरली की मान थांबते. थोडाच वेळ. मी मोजलं नाही.

फेऱ्या बंद ठेवल्यात. बोर्डही उतरवला, रंग उडाला होता म्हणून.

९ मे

उद्या शेवटचा दिवस. बसने तालुक्याला जाऊन अपील द्यायचं. बस सकाळी आठला.

१० मे

बस आठला होती. सवा आठला पोहोचलो.

घरून साडेसातलाच निघालो होतो. बसथांबा पाच मिनिटांवर आहे. वाटेत पंक्चरवाल्याशी बोलत उभा राहिलो. माझ्याकडे सायकल नाही.

हिने जेवायला वाढलं आणि आमटीवर तूप जरा जास्तच सोडलं.

१४ मे

ट्रक आला. मावशी सहज चढली. मला वाटलं होतं अडेल, मागे वळेल, सोंड उचलेल. खाली मुंडी घालून चढली आणि आत पोहोचताच उसाचं पाचट खायला लागली. माहूत तिच्यासोबत गेला, केंद्राने त्याला तिथेच ठेवून घेतलंय. जाताना तो माझ्या पाया पडला. मग हिच्या. मग विडीचं बंडल माझ्या हातात देऊन म्हणाला, तिथे चालत नाही.

ट्रक वळला तेव्हा पलीकडचा हत्तीवाला नदीच्या त्या काठावर उभा दिसला. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्यानेही बोर्ड उतरवलाय म्हणे.

गोठ्यात झूल राहिली. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

२८ मे

केंद्रात जाऊन आलो. दोन बस बदलून. पिशवीत शेरभर गूळ. वाटेतच ठरवून टाकलं होतं, की मला पाहताच मावशी धावत येईल, सगळे बघत राहतील, आणि डॉक्टरीणबाई म्हणेल, काका, चुकलं आमचं.

मोठं रान आहे. मध्ये चर, त्यापलीकडे हत्ती. बाहेरचं खायला देता येत नाही. मावशी चिखलात उभी होती, शेजारी आणखी एक म्हातारी, एका कानाची. माहूत तिला हाक मारेना. म्हणाला, इथे बोलावत नाही आम्ही, काका. वाटलं तर येते.

तासाभराने वाटलं तिला. चराच्या काठाशी येऊन उभी राहिली.

मी म्हणालो, मावशी, मी आलोय. ओळखलंस का?

मान हलली नाही.

मग विचारलं, राग आलाय का? मान हलली नाही. हळूच विचारलं, घरी यायचं का? नुसती उभी. कान तेवढे हलवत होती, माशांसाठी.

एकोणीस वर्षांत तिचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. सारखा हलायचा. उजव्या डोळ्याखाली तिला एक काळा ठिपका आहे, तिळाएवढा. हिच्याही आहे, हनुवटीवर. कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. मग ती वळली आणि त्या एका कानाच्या म्हातारीकडे गेली.

गूळ परतीच्या बसमध्ये मीच खाल्ला. सगळा नाही. कंडक्टरला दिला थोडा.

१ जून

माहुताला पत्र टाकलं. त्याची नक्कल इथे ठेवतो, म्हणजे असं मी लिहिलंच नव्हतं, असं मला नंतर म्हणता येणार नाही.

'बाबा रे,

तुझा खोकला कसा आहे? विडीवाचून दिवस जातो का? त्या एका कानाच्या म्हातारीचे दात दुखत होते म्हणालास, ते बरे आहेत का? डॉक्टरीणबाई वेळेवर जेवते का? तिला सांग, अक्षर लागलं.

इकडे हिचे गुडघे तसेच. पूर्वी जिना फक्त उतरताना वाजायचे. आता चढतानाही वाजतात, कारण चढताना ही बोलेनाशी झालीय. मोटार बंद पडली. साखर आता खरंच वर आहे, यंत्र नवीन आणलंय. मी संध्याकाळी गेटजवळ खुर्ची टाकून बसतो. बसलो की आतून आवाज येतो, डोलू नका. मी डोलत नाही. पण उठून नदीपर्यंत एक फेरी मारून येतो. ही बरोबर येते. सोबत म्हणून.

एक काम आहे. तक्ता मी काढलेला नाही. फक्त फिरवून लावलाय, तोंड बाहेर. खालचे रकाने रिकामे आहेत. मावशी रोज किती तास डोलते ते आठवड्याला एकदा कार्डावर कळव. शून्य असेल तर शून्य लिही. म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून एखादा तास पदरचा घालशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. घालू नकोस. आणि खरोखरच एखादा तास निघाला तर लपवू नकोस. मी येईन. येऊन काही करता येणार नाही, पण येईन.

चौकट अजून भिंतीवर रिकामी आहे. सात शून्यं ओळीने आली की तेच कार्ड तिच्यात लावायचं ठरवलंय. हिला विचारलं. ही हो म्हणाली, आणि हिला नाही म्हणतासुद्धा येतं.

मावशीने चराकाठच्या माझ्या तीनही प्रश्नांना उत्तर दिलं नाही. बरोबर केलं तिने. तू तरी दे, आणि लवकर दे.'